पिशाचाचे नाव आणि पिकफर्डबाईंचे तक्ते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आंतरशालेय विज्ञान प्रश्नमंजूषेसाठी परीक्षक म्हणून आम्हाला बोलावणे आले होते. प्रश्न आणि उत्तरसूची संयोजकांनी आधीच तयार ठेवली होती. 'समुद्रात रक्त पिऊन जगणारा शीर्षपाद प्राणी कोणता?' असा एक प्रश्न होता आणि सूचीतले उत्तर होते 'व्हॅम्पायर स्क्विड'. नववीतल्या एका मुलीने सांगितले, "असा कोणताही प्राणी नाही." सूचीप्रमाणे आम्ही तिला शून्य गुण दिले. तेव्हा ती म्हणाली, "सर, पण तो रक्त पितो हे कुणी पाहिलंय का?" परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, असे सांगून आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो. त्या एका प्रश्नावर तिच्या शाळेचा क्रमांक हुकला.

घरी येऊन संदर्भ काढून पाहिले. मुलीचे बरोबर होते. हा प्राणी रक्त पीत नाही आणि प्यायल्याचे कुणी कधी पाहिलेलेही नाही. 'रक्त पितो' हे विधान कोणत्याही निरीक्षणातून आलेले नाही, ते प्राण्याच्या नावातून आलेले आहे. मग आम्ही उलटा प्रवास सुरू केला. गेल्या सव्वाशे वर्षांत या एका प्राण्याविषयी कोणी काय लिहिले, कशाच्या आधारावर लिहिले आणि त्यातले काय टिकले, हे पाहत गेलो. पुस्तकाचे परीक्षण करतात तसे हे एका प्राण्याविषयीच्या लेखनाचे परीक्षण समजावे. यातला एक दोषी लेखक आम्हीच आहोत, तेही पुढे येईल.

नावातली तीन विधाने

प्राण्याचे शास्त्रीय नाव व्हॅम्पायरोट्यूथिस इन्फर्नालिस. जर्मनीच्या 'वाल्डिव्हिया' या जहाजाने १८९८-९९ मध्ये खोल समुद्राची मोठी मोहीम केली. तिचे प्रमुख कार्ल कून यांनी १९०३ मध्ये हे नाव दिले. मराठीत सांगायचे तर 'नरकातला रक्तपिपासू माकूल'. माकूल किंवा म्हाकूल हा शब्द कोकणातल्या मासळीबाजारात सर्वांच्या ओळखीचा आहे. या नावात तीन विधाने दडली आहेत. हा प्राणी रक्त पितो, हा माकूल आहे आणि हा नरकात राहतो. पहिले चूक. दुसरेही चूक. तिसऱ्याविषयी पुढे बोलू.

गंमत अशी की खुद्द कून यांनी त्याला माकूल मानलेच नव्हते. आठ बाहू आणि त्यांना जोडणारा पडदा पाहून त्यांनी त्याला अष्टपादांत, म्हणजे ऑक्टोपसच्या गटात घातले. त्यांच्या नजरेतून निसटले ते दोन बारीक लांब तंतू. पहिल्या आणि दुसऱ्या बाहूंच्या जोडीमध्ये दोन्ही बाजूंना एकेक खिसा असतो. हे तंतू गुंडाळून त्या खिशात ठेवता येतात. जाळ्यात मरून आलेल्या नमुन्यात ते दिसले नाहीत, तर दोष कून यांचा नाही. पण हे तंतू लक्षात ठेवा. या प्राण्याचे सगळे पोट त्यांच्यावर चालते आणि ते समजायला आणखी शंभरांहून अधिक वर्षे लागली.

'व्हॅम्पायर' या शब्दाची आमच्याकडे एक जुनी कथा आहे. वेताळाच्या गोष्टींना इंग्रजी रूप देताना रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकले. आमचा वेताळ कुणाचे रक्त पीत नाही. तो झाडाला उलटा लटकतो आणि राजाला अडचणीचे प्रश्न विचारतो. गोव्यात आणि तळकोकणात तर तो गावाचा राखणदार आहे. बर्टनसाहेबांची चूक उलटी फिरवून या प्राण्याला 'वेताळ' म्हटले, तर आमच्या मते ते नाव मूळ नावापेक्षा जास्त शोभेल. असो.

बीब यांचे रंगीत पान

या प्राण्याला लोकप्रिय केले ते अमेरिकन निसर्गलेखक विल्यम बीब यांनी. 'आर्क्टुरस' जहाजावरील सफरीचे त्यांचे पुस्तक १९२६ मध्ये निघाले. त्यात त्यांनी हा प्राणी लहानसा पण भयानक, रात्रीसारखा काळा आणि रक्ताळलेल्या डोळ्यांचा असा रंगवला. बीब हे काही उथळ लेखक नव्हते. ऑटिस बार्टन यांच्याबरोबर पोलादी गोलात बसून १९३४ मध्ये ते बर्म्युडाजवळ ९०० मीटरहून खोल उतरले. खोल समुद्रातले जिवंत प्राणी प्रत्यक्ष पाहणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक. पण १९२६ चे ते पान डेकवर आणलेल्या नमुन्यावरून लिहिलेले आहे आणि त्याचा दोष नेमका तिथेच आहे.

काळा रंगच घ्या. शरीराचा रंग गडद तांबूस ते जांभळट काळा असतो. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्याच्या वरच्या थरांतच शोषला जातो. सहाशे-सातशे मीटरवर पोचतो तो अगदी क्षीण निळसर उजेड. तिथे तांबूस वस्तूवरून परत यायला लाल प्रकाशच नसतो, म्हणून ती अदृश्य होते. आठवीतला मुलगा प्रकाशाच्या धड्यावरून हे सांगू शकेल. जो रंग डेकवरच्या उन्हात भेसूर दिसतो, तो घरी न दिसण्यासाठी आहे. डोळ्यांचेही तसेच. पाहण्याच्या कोनाप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे ते कधी लाल, कधी निळे दिसतात. ते मोठे आहेत हे मात्र खरे. वीतभर प्राण्याचा डोळा दोन-अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे अंधारात अंधुक ठिणगी टिपणारा डोळा.

वीतभर हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. चित्रे पाहून मुलांना वाटते की हा प्राणी होडी उलथवेल. तंतू सोडून त्याची एकूण लांबी फार तर तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढी. बाहूंच्या आतल्या बाजूला जे 'काटे' चित्रांत दाखवतात ते मऊ बोटांसारखे अंकुर आहेत. त्यांनी टोचतसुद्धा नाही. घाबरला की हा प्राणी पडदा उलटा करून अंगावर ओढून घेतो आणि अननसासारखा दिसतो. चित्रकार याला हल्ल्याचा पवित्रा समजतात. खरे तर हे घाबरून गोधडीत शिरणे आहे.

त्यानंतरचे साहित्य बीब यांच्या पानावरच पोसले गेले. व्हिलेम फ्लुसर या तत्त्वचिंतकाने लुई बेक या चित्रकाराबरोबर १९८७ मध्ये याच नावाचे एक छोटे पुस्तक काढले. त्यात हा प्राणी माणसाचा आरसा म्हणून उभा केला आहे. ते वाचताना ती कल्पनाकथा आहे हे विसरून चालत नाही. २००९ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने एका बड्या गुंतवणूक बँकेला याच प्राण्याची उपमा दिली, लोकांचे रक्त शोषणारी म्हणून. ती उपमा जगभर गाजली. बँकेची बाजू घ्यायचे आम्हाला कारण नाही. पण समुद्रातल्या सर्वांत काटकसरी प्राण्यांपैकी एकाला सावकाराच्या पंगतीला बसवले, याचे वाईट वाटते.

एक प्राणी, नावे अनेक

आता ज्या लेखनासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळू.

१९०३ नंतर निरनिराळ्या मोहिमांच्या जाळ्यांत असे काळे, लिबलिबीत प्राणी येऊ लागले आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना नवे नाव मिळू लागले. मेलॅनोट्यूथिस झाले, वाटासेला झाले. डेन्मार्कच्या 'डाना' जहाजाने आणलेल्या नमुन्यांपैकी काहींना तर जहाजाचेच नाव देऊन डानाट्यूथिस करण्यात आले. या घोळाचे मूळ परांत होते. काही नमुन्यांना परांची एक जोडी होती, काहींना दोन जोड्या. परांच्या जोड्यांत फरक, म्हणजे प्राणी वेगळे, असे तज्ज्ञांनी धरले. त्यात हे शरीर जेलीसारखे. हजार मीटर वर ओढताना ते फाटते, चिरडते आणि मग फॉर्मलिनमध्ये आकसते. दोन चिरडलेले नमुने सारखे दिसतील अशी अपेक्षाच चूक.

हे निस्तरले ग्रेस पिकफर्ड यांनी. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या (१९०२) आणि अमेरिकेत येल विद्यापीठात काम केलेल्या या बाई. १९३९ मध्ये त्यांनी या प्राण्यासाठी एक स्वतंत्र गणच मांडला. तो माकूल नाही, अष्टपादही नाही. तो एका जुन्या शाखेचा आज उरलेला वारस आहे आणि त्याचे जवळचे नाते अष्टपादांशी आहे. पुढे 'डाना' च्या आणि इतर संग्रहांतले नमुने एकत्र तपासून त्यांनी १९४६ आणि १९४९ मध्ये दोन भागांत प्रबंध प्रसिद्ध केला. पहिल्या भागाचा विषय होता या प्राण्याचा निसर्गेतिहास आणि वितरण.

बाईंनी केले ते ऐकायला सोपे वाटते. त्यांनी नमुने लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावले. तसे लावताच दिसले की पिल्लाला परांची एक जोडी असते. वाढताना तिच्या जोडीला दुसरी फुटते. मग पहिली नाहीशी होते आणि प्रौढाला पुन्हा एकच जोडी उरते, पण ती वेगळी. म्हणजे ज्यांना निरनिराळ्या जाती समजत होते ते एकाच प्राण्याचे बालपण, कुमारवय आणि तारुण्य होते. बेडकाचा डिंभ आणि बेडूक यांना दोन जाती म्हणण्यासारखाच हा प्रकार. फरक इतकाच की डिंभाचा बेडूक होताना आपण काचेच्या बरणीत पाहू शकतो आणि हा बदल हजार मीटर खाली अंधारात होतो. नावांचा तो सगळा पसारा एका जातीत गोळा झाला.

वर्गीकरणाच्या या कामाबद्दल बाईंचे कौतुक सगळेच करतात. आम्हाला त्यांच्या वितरणाच्या तक्त्यांचे अधिक वाटते. प्राणी कोणत्या अक्षांशावर, किती खोलीवर मिळाला, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. तिथल्या पाण्याचे तापमान, क्षारता आणि घनता यांच्याशी त्यांनी तो ताडून पाहिला. निघाले ते असे: हा प्राणी जगभरच्या उष्ण आणि समशीतोष्ण महासागरांत, ढोबळमानाने ४० अंश उत्तर ते ४० अंश दक्षिण या पट्ट्यात आहे आणि तो पाण्याच्या एका विशिष्ट थराला चिकटून राहतो. त्या थरातल्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो. अटलांटिक असो की पॅसिफिक, प्राण्याचा पत्ता महासागराच्या नावाने नाही, पाण्याच्या गुणधर्माने लिहावा लागतो. बीब यांच्या पानात जे कुठेच नव्हते ते आकड्यांच्या या रुक्ष रांगांत होते. प्राण्याच्या जगण्याचे सूत्र तिथे सापडत होते.

परीक्षण म्हटले की उणेही सांगायला हवे. हा प्रबंध सामान्य वाचकासाठी नाही आणि त्यात जिवंत प्राणी भेटत नाही. त्या काळातली जाळी खोलवर उघडी जात आणि उघडीच वर येत. प्राणी नेमका किती खोलीवर सापडला याचा अंदाज सोडलेल्या तारेच्या लांबीवरून बांधावा लागे. शिवाय नकाशावरचा प्रत्येक ठिपका हा जहाज गेले आणि जाळे सोडले अशा जागेचा असतो. जिथे ठिपका नाही तिथे प्राणी नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. पुढच्या लेखकांनी या ठिपक्यांचे रंगवलेले पट्टे केले आणि ही मेख पुसली गेली. त्याचा दोष बाईंकडे जात नाही.

नरक कुणासाठी?

आता नावातले तिसरे विधान. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ एक लिटर पाण्यात सुमारे पाच मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ हा प्राणी राहतो त्या ६०० ते ९०० मीटरच्या थरात तो सुमारे ०.४ मिलिलिटरवर येतो, म्हणजे दहाव्या हिश्श्याहून कमी. कारण साधे आहे. वरच्या उजेडातल्या जीवांचे अवशेष सतत खाली पडत असतात. ते कुजवताना जीवाणू ऑक्सिजन वापरतात. तिथल्या पाण्याचा हवेशी संबंध फार पूर्वी सुटलेला असतो, त्यामुळे खर्च होतो आणि भरपाई होत नाही. त्याहून खाली, ध्रुवांकडून आलेल्या थंड पाण्यात ऑक्सिजन पुन्हा वाढतो. म्हणजे समुद्राच्या मध्यावर ऑक्सिजनच्या दुष्काळाचा एक थर अंथरलेला आहे.

बहुतेक चपळ शिकारी इथे फार वेळ टिकत नाहीत. हा प्राणी इथे जन्मभर राहतो. ब्रॅड सायबेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की त्याचा चयापचयाचा वेग तोवर मोजलेल्या शीर्षपादांत सर्वांत कमी आहे. त्याच्या रक्तातले हीमोसायनिन हे तांबेयुक्त द्रव्य अत्यल्प ऑक्सिजनही पकडून ठेवते. शरीर जेलीसारखे, स्नायू थोडे. ऊतींतल्या अमोनियम क्षारांमुळे वजन जवळजवळ पाण्याएवढे, म्हणून तरंगत राहायला कष्ट नाहीत. पाठ्यपुस्तकातला लोलिगो पाण्याची पिचकारी मारून सुसाट जातो. हा पर हलवत सावकाश जातो. शत्रू मात्र आहेत. खोल बुडी मारणारे देवमासे आणि सील यांच्या पोटांत त्याचे अवशेष सापडले आहेत. हे शिकारी हवेत श्वास घेतात, ऑक्सिजनची शिदोरी वरून बांधून खाली उतरतात. पाण्यातल्या दुष्काळाची झळ त्यांना लागत नाही.

अशा वेळी बचाव काय? सेपियासारखी शाईची पिशवी त्याला नाही आणि असती तरी काळोखात काळी शाई काय कामाची! ब्रूस रॉबिसन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पाण्याखालच्या यंत्रांनी केलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. बाहूंची टोके निळसर चमकतात आणि फारच डिवचले तर त्या टोकांतून चमकत्या कणांचा चिकट ढग बाहेर पडतो. तो काही मिनिटे लकाकत राहतो आणि प्राणी हळूच बाजूला होतो. परांच्या मुळाशीही एकेक मोठा दिवा आहे. त्यावर पापणीसारखी झाकणे आहेत, ती मिटली की दिवा मालवतो.

आता आमची चूक. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात सांगत आलो की हा प्राणी पडदा छत्रीसारखा उघडतो आणि त्यात भक्ष्य पकडतो. हे आम्ही कुठे वाचले होते? अनेक ठिकाणी. पण त्यापैकी कुणीही ते पाहिले नव्हते. सगळे शीर्षपाद शिकारी असतात, हा शीर्षपाद आहे, म्हणून हा शिकारी, असे ते अनुमान होते. तर्कशास्त्राच्या वहीत ते शोभले असते. फक्त पहिले विधान कुणी तपासले नव्हते.

२०१२ मध्ये हेन्क-यान होव्हिंग आणि रॉबिसन यांनी ते तपासले. कॅलिफोर्नियातील माँटेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटकडे खोल समुद्रात यंत्रांनी घेतलेल्या चित्रफितींचा वीस वर्षांचा साठा होता. तो त्यांनी धुंडाळला, संग्रहातल्या नमुन्यांची पोटे तपासली आणि जिवंत प्राणी टाकीत ठेवून काय खातात ते पाहिले. प्राणी दोनपैकी एक तंतू बाहेर काढतो आणि पाण्यात लांबवर सोडून निश्चल तरंगत राहतो. वरून सतत एक भुरभुर पडत असते. मेलेले सूक्ष्मजीव, विष्ठेचे कण, प्राण्यांच्या टाकलेल्या कवचांचे तुकडे आणि त्यांना बांधून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ. शास्त्रज्ञ तिला सागरी हिम म्हणतात. हे कण तंतूला चिकटतात. तंतू आत ओढून प्राणी तो बाहूंनी पुसून घेतो, बाहूंवरच्या चूषकांतून निघणाऱ्या चिकट स्रावात कणांचा गोळा करतो आणि मऊ अंकुर तो गोळा तोंडाकडे सरकवतात. ज्यांना 'काटे' म्हटले ती खरे तर घास भरवणारी बोटे निघाली. जिवंत भक्ष्याची शिकार न करता असे जगणारा दुसरा शीर्षपाद तेव्हा माहीत नव्हता.

या शोधानिबंधाचे आम्हाला मोल वाटते ते त्याच्या सबुरीमुळे. वीस वर्षे चित्रफिती साठत होत्या. त्यांत हा प्राणी तंतू सोडून तरंगताना अनेकदा दिसत होता. पण 'शिकार कधी करतो' हे पाहायला बसलेल्या डोळ्यांना तो 'काहीच करत नाही' असे वाटले असते. तो त्या वेळी जेवत होता. अर्थात 'फक्त कचरा खातो' हेही आता घोकायला नको. संग्रहालयांतल्या नमुन्यांच्या चोचींमधल्या समस्थानिकांवरून २०१९ मध्ये निघालेल्या अभ्यासात दिसले की लहान वयात तो सूक्ष्म प्राणी अधिक खातो आणि वाढत्या वयात कणांवर येतो. पिकफर्डबाईंनी वयाप्रमाणे नमुने लावले होते, तीच रीत इथे खाद्यासाठी वापरली गेली.

प्रजननाविषयी थोडक्यात. आपल्या परिचयाचे बहुतेक माकूल आणि अष्टपाद एकदाच अंडी घालण्याचा हंगाम पाहतात आणि मरतात. २०१५ मध्ये होव्हिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा प्राणी पुन:पुन्हा अंडी घालतो आणि मध्ये विश्रांती घेतो. एका मादीने किमान ३,८०० अंडी सोडलेली होती आणि सुमारे ६,५०० अंडपेशी अजून शिल्लक होत्या. कमी कमाईच्या घरात एकदम मोठा खर्च करत नाहीत, तसेच हे.

त्याच्या कुळाचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. फ्रान्समध्ये ज्युरासिक काळातल्या, सोळा कोटींहून अधिक वर्षे जुन्या खडकांत व्हॅम्पायरोनासा हा त्याचा नातलग सापडतो. २०२२ मध्ये क्ष-किरणांनी त्याच्या बाहूंचा आतून अभ्यास झाला. त्याचे चूषक भक्कम होते आणि तो बहुधा खरोखरच शिकारी होता. हंगेरीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका नातलगाचा २०२१ मध्ये फेरअभ्यास झाला, तेव्हा तो कमी ऑक्सिजनच्या पाण्यात राहत होता असे निघाले. म्हणजे ज्याला आपण नरक म्हणतो तिथे हे कुळ फार पूर्वीच बिऱ्हाड करून राहिले आहे.

आपल्या समुद्राचा प्रश्न

इथवर वाचून रत्नागिरीतले किंवा पणजीतले शिक्षक विचारतील, मग आमच्या अरबी समुद्राचे काय? प्रश्न योग्य आहे. जगातल्या कमी ऑक्सिजनच्या सर्वांत जाड थरांपैकी एक अरबी समुद्रातच आहे, सुमारे १५० मीटरपासून थेट हजार मीटरच्या खालपर्यंत. १९३३-३४ मध्ये सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली 'माबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम इथे आली, तेव्हाच त्याची चाहूल लागली होती. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यावर मोठे काम केले आहे.

मग वह्यांतल्या नकाशात अरबी समुद्र सरसकट रंगवून टाकावा का? आम्ही म्हणू, नको. अरबी समुद्राच्या त्या थराच्या गाभ्यात ऑक्सिजन इतका घटतो की जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात. कॅलिफोर्नियाजवळचे ०.४ आणि इथले जवळजवळ शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे. 'कमी ऑक्सिजन आवडतो, इथे ऑक्सिजन कमी, म्हणून इथे तो असणारच' हे अनुमान 'शीर्षपाद आहे, म्हणून शिकारी' याच्याच जातीचे आहे. नकाशावर ठिपके द्यावेत आणि प्रत्येक ठिपक्यापाशी जहाजाचे नाव लिहावे.

जातींच्या गणतीतही नवी भर पडली आहे. २०२४ मध्ये दक्षिण चीन समुद्रात हैनान बेटाजवळ मिळालेल्या नमुन्यावरून व्हॅम्पायरोट्यूथिसची दुसरी जाती वर्णिली गेली. शेपटीचा आकार, खालची चोच आणि प्रकाश देणाऱ्या इंद्रियांची जागा ही त्यातली भेदाची लक्षणे. ती टिकेल की पिकफर्डबाईंच्या रांगेत मिसळून जाईल, हे आणखी नमुने ठरवतील.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. आलेखाच्या कागदावर खोली वरून खाली आणि ऑक्सिजन आडवा घ्या. पृष्ठभागावर ५, सातशे मीटरवर ०.४, दोन हजार मीटरवर पुन्हा एकच्या वर, असे बिंदू देऊन वक्र काढा. मुलांना विचारा, इथे राहायचे तर अंग कसे हवे, हालचाल कशी हवी, पोट कशावर भरेल? त्यांची उत्तरे फळ्यावर लिहा आणि मग प्राण्याचे चित्र दाखवा. नाव सर्वांत शेवटी सांगा. सातवीच्या एका वर्गात आम्ही हे केले, तेव्हा एका मुलाने 'जाळं टाकून बसलेला म्हातारा कोळी' असे उत्तर दिले होते. प्राणी त्याने तोवर पाहिला नव्हता.

प्रश्नमंजूषेचे काम आमच्याकडे अजून येते. तो जुना प्रश्न आम्ही बदलून ठेवला आहे: 'व्हॅम्पायरोट्यूथिस काय खातो? ते कुणी, केव्हा आणि कसे पाहिले?' पहिल्या भागाला दोन गुण आहेत, दुसऱ्याला तीन.